कॅनडाच्या कथाकाव्यातला निसर्ग आणि ‘आयरनी’साठी मराठी शब्द

गोदाकाठ :

नमस्कार. नाशिकमध्ये गंगापूर रोड परिसरात आमचे सात-आठ जणांचे वाचनमंडळ आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही कोणाच्या तरी घरी जमतो आणि एखाद्या दूरच्या देशातील कविता मूळ इंग्रजीतून वाचून तिच्यावर मराठीत बोलतो. या वेळी कॅनडाची कथाकाव्ये निवडली असून प्रास्ताविक करण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. ते लिहिताना एका शब्दाशी अडले, म्हणून येथे विचारते आहे.

निवडलेल्या कविता तीन. पहिली अर्ल बर्नी यांची ‘डेव्हिड’. ती १९४२ च्या संग्रहात आली आणि त्या संग्रहाला गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला. रॉकी पर्वतांत सर्वेक्षणाच्या कामावर असलेले दोन तरुण आठवडाभर मजुरी करतात आणि सुट्टी मिळाली की डोंगर चढतात. एका चढाईत बॉबचा पाय निसटतो, डेव्हिड त्याला सावरतो आणि त्याच हिसक्याने स्वतः पन्नास फूट खाली कोसळतो. कपारीवर पाठ मोडून पडलेला डेव्हिड मित्राला विनवतो की मला आणखी खाली ढकलून दे. आणि बॉब ते करतो. दुसरी कविता ई. जे. प्रॅट यांची ‘द आइस-फ्लोज’. सील मारण्यासाठी बर्फाच्या तरंगत्या पठारांवर उतरलेली माणसे हिमवादळात सापडून गोठून मरतात. तिसरी डंकन कॅम्पबेल स्कॉट यांची ‘द फोरसेकन’. तीत चिपेवा या मूळनिवासी जमातीची एक तरुण आई आजारी तान्ह्या मुलाला घेऊन गोठलेल्या तळ्यावर वादळात अडकते, गळाला लावायला काही नाही म्हणून स्वतःच्या अंगाचे मांस कापून लावते आणि मासे मिळवून मुलाला जगवते. पुढे तीच म्हातारी झाल्यावर त्याच मुलाचे कुटुंब तिला एका बेटावर सोडून निघून जाते.

‘सर्व्हायव्हल’साठी ‘तगणे’ हा शब्द मला पुरेसा वाटतो. कॅनडाच्या लेखिका मार्गारेट अ‍ॅटवुड यांनी १९७२ मध्ये कॅनडाच्या साहित्याचे मध्यवर्ती सूत्रच ‘तगून राहणे’ हे आहे असे मांडले होते, त्यामुळे मांडणीला तेथून सुरुवात करता येईल. त्यागाबद्दलही अडचण नाही. परंतु ‘आयरनी’साठी मी पहिल्या खर्ड्यात सर्वत्र ‘दैवदुर्विलास’ लिहिले होते आणि पुन्हा वाचताना तो शब्द मलाच खटकला. ‘उपरोध’ म्हटले तर कोणी तरी कोणाला टोचून बोलते आहे असे वाटते, आणि ‘वक्रोक्ती’ हा तर बोलण्याच्या रीतीचा अलंकार झाला. या तिन्ही कवितांत कोणी वाकडे बोलत नाही. जे घडते तेच वाकडे घडते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे. शब्द सुचला नाही तरी चालेल, पण ‘दैवदुर्विलास’ का खटकतो एवढे कळले तरी माझे काम होईल.

कातळवाट :

ताई, मी साहित्याचा विद्यार्थी नाही. गेली अठरा वर्षे त्र्यंबक रांगेत, अंजनेरीपासून हरिहरपर्यंत आणि त्यापलीकडेही चढतो आहे, आणि ‘डेव्हिड’ मी डोंगरातल्या माणसाच्या नजरेने अनेकदा वाचली आहे. त्या नजरेतून एवढे सांगू शकतो की या कवितेत दैव कोठेच नाही.

आम्ही नवीन मुलांना पहिला धडा देतो तो असा : दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन पक्के असल्याखेरीज चौथा हलवायचा नाही, आणि ज्या खोबणीवर भार टाकायचा ती आधी चाचपायची. आपल्याकडचा कातळ पावसाळ्यानंतर ठिकठिकाणी पोकळ झालेला असतो. वरून धडधाकट दिसणारी पकड हातात निघून येते, हे मी ब्रह्मगिरीच्या मागच्या अंगाला स्वतः अनुभवले आहे. त्या दिवशी बाकीचे तीन पक्के होते, म्हणून आज हे लिहीत आहे. बर्नी यांच्या कवितेतला अपघात याच नियमाच्या उल्लंघनाने घडतो. बॉब बेसावधपणे पाय टाकतो. डेव्हिड झटकन वळून त्याला धरतो, हसून काही बोलणार एवढ्यात त्या जादा भाराने त्याच्याच पायाखालचा दगड चुरतो. खाली पडल्यावर डेव्हिड म्हणतो की स्वतःला दोष देऊ नकोस, मी माझी खोबण चाचपली नव्हती. ही समजूत खरी आहे आणि खोटीही आहे. त्याने खोबण चाचपली नाही हे खरे, पण चाचपायला त्याला वेळ मिळाला नाही तो बॉबमुळेच. बॉबला डोंगर शिकवला डेव्हिडनेच, आणि ज्या सवयीने एका गिर्यारोहकाने दुसऱ्याला सावरावे, त्याच सवयीने तो गेला. हे आकाशातून आलेले संकट नव्हते. कारण आणि परिणाम यांची साखळी कडीकडीने दिसते, म्हणून ‘दैवदुर्विलास’ आपल्याला खटकत असावा.

आणखी दोन जागांकडे आपले लक्ष वेधतो, कारण पहिल्या वाचनात त्या हातातून निसटतात. कवितेच्या पूर्वार्धात त्यांना एका डोंगरी बकऱ्याचा सांगाडा दिसतो, आणि बकऱ्याचाही पाय घसरू शकतो हे बॉबला प्रथमच कळते. ज्याचा जन्मच कड्यावर झाला त्याचीही ही गत होते, ही ती सूचना आहे. दुसरी जागा पंख मोडलेल्या रॉबिन पक्ष्याची. बॉब त्याला पाळण्यासाठी उचलतो. डेव्हिड त्याच्या हातातून घेऊन त्याला मारून टाकतो आणि विचारतो की तू याला उडायला शिकवू शकशील का? पुढे कपारीवर पडलेला डेव्हिड चाकांच्या खुर्चीतले आयुष्य नाकारतो, तेव्हा तो स्वतःचाच न्याय स्वतःला लावतो आहे. फरक एवढाच की त्या वेळी हात त्याचे नाहीत, बॉबचे आहेत. ज्याला पक्षी मारवला नाही, त्याच्यावर मित्राला ढकलण्याची वेळ येते.

त्याग कोणाचा, हा प्रश्न मला येथे महत्त्वाचा वाटतो. बहुतेक जण डेव्हिडचा त्याग म्हणतात, कारण त्याने मित्राला वाचवले. पण त्याने ते विचारपूर्वक केले नव्हते. तो हाताचा संस्कार होता. विचारपूर्वक काही गमावले ते बॉबने. खाली उतरून तो सर्वांना सांगतो की डेव्हिड सरळ बर्फावर कोसळला, आणि हे खोटे तो जन्मभर वाहणार आहे. उतरतानाचे वर्णन अवश्य मोठ्याने वाचा. चढताना जे हिम, ज्या भेगा, जी शिखरे सुंदर होती, तीच उतरताना दात विचकतात. डोंगर तसूभर हललेला नाही.

तांबट आळी :

कातळवाट यांचे विवेचन वाचून फार समाधान वाटले. मी इंग्रजीचा निवृत्त शिक्षक आहे आणि प्रॅट हे माझ्या आवडीचे कवी आहेत, म्हणून दुसऱ्या कवितेबद्दल जरा सविस्तर लिहितो.

आधी एक छोटी दुरुस्ती. प्रॅट यांचा जन्म १८८२ चा, न्यूफाउंडलंडमधील वेस्टर्न बे या गावचा. ‘द आइस-फ्लोज’ ज्या संग्रहात आली तो १९२३ चा, आणि न्यूफाउंडलंड कॅनडात सामील झाले १९४९ मध्ये. म्हणजे ही कविता लिहिली गेली तेव्हा तो मुलूख कॅनडाचा भाग नव्हता. प्रास्ताविकात हे सांगितलेत तर बरे होईल, कारण तेथील लोक आपली ओळख आजही वेगळी सांगतात.

प्रॅट यांचे वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक होते. मासेमारांच्या वस्त्यांमध्ये समुद्रावर कोणी गेला की घरी जाऊन बातमी सांगण्याचे काम धर्मोपदेशकाकडे येई. ‘इरोजन’ नावाची त्यांची आठ ओळींची कविता आहे. समुद्राला कड्यावर नक्षी कोरायला हजार वर्षे लागतात, आणि तशाच रेघा एका बाईच्या चेहऱ्यावर उमटवायला वादळी रात्रीचा एक तास पुरतो, एवढेच ती सांगते. आपल्या मंडळात वेळ असेल तर मोठ्या कवितेआधी ही वाचा. तिच्यात समुद्राला शिव्या नाहीत आणि बाईबद्दल एकही विशेषण नाही.

आता ‘द आइस-फ्लोज’ कशातून आली ते पाहा. १९१४ च्या मार्च अखेरीस ‘न्यूफाउंडलंड’ याच नावाच्या जहाजावरचे १३२ लोक बर्फावर अडकले आणि दोन रात्रींनंतर त्यांतील ७८ दगावले. हे कसे घडले? जहाजाचा कप्तान समजत होता की आपली माणसे आपल्या वडिलांच्या जहाजावर सुखरूप आहेत. वडील दुसऱ्या जहाजाचे कप्तान होते, आणि ते समजत होते की माणसे मुलाच्या जहाजावर परतली. दोघांत बिनतारी संदेशाची सोय असती तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. मुलाच्या जहाजावर ते यंत्र पूर्वी होते. त्याने शिकारीत भर पडत नाही म्हणून मालकांनी ते काढून टाकले होते. वादळ निसर्गाचे होते, यात शंका नाही. पण त्या ७८ जणांच्या मरणात जमाखर्चाच्या वहीचा वाटा किती, हा हिशेब वाचकाने करावा. यापूर्वी १८९८ मध्ये ‘ग्रीनलंड’ या जहाजाचे ४८ लोक असेच गेले होते आणि तेव्हा प्रॅट सोळा वर्षांचे होते. त्यांच्या कवितेतील आकडे आणि जहाज वेगळे आहेत, ती कोणत्याही एका दुर्घटनेची बातमी नव्हे, परंतु अनुभव त्याच किनाऱ्याचा आहे.

कवितेचा बराच मोठा भाग शिकारीच्या उत्साहाचा आहे. माणसे बर्फाच्या एका तुकड्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत जातात, सील मारतात, कातडी सोलतात, ढीग रचतात, आणि लयही त्यांच्याबरोबर धावते. वाचक त्या वेगात सामील होतो. हीच कवीची योजना आहे. मग वादळ येते आणि सोलणारे हात गोठतात. अखेरीस दोन आकडे शेजारी ठेवले जातात : पाव स्वस्त व्हावा म्हणून मारलेले वीस हजार सील, आणि चर्चमध्ये ढोलाच्या दबलेल्या ठोक्यांत मोजलेली साठ प्रेते. भाकरीसाठी गेलेली माणसे भाकरीच्याच हिशेबात जमा होतात. येथे ‘दैवदुर्विलास’ लिहिलेत तर मालक सुटतो, ग्राहक सुटतो आणि सगळे खापर आभाळावर फुटते.

मी आपल्याला ‘उफराटेपणा’ हा शब्द सुचवतो. जुना आहे, बोलीत जिवंत आहे, आणि त्यात दैव नाही. जे राखायला निघालो त्यानेच घात होणे, जे हत्यार दुसऱ्यावर चालवले त्याचा घाव आपल्याकडे वळणे, हे सारे त्यात मावते. प्रॅट यांच्या १९३५ च्या ‘द टायटॅनिक’लाही तो लागू पडतो. बुडणे शक्यच नाही या खात्रीवर उभारलेल्या त्या जहाजाच्या कवितेत शेवटची ओळ माणसांना मिळत नाही, ती हिमनगाला मिळते. त्याच कवितेत दहा वर्षांचा एक मुलगा बोटीतली मिळालेली जागा सोडून पुरुषांमध्ये जाऊन उभा राहतो. हा प्रसंग मी वर्गात शिकवताना दर वर्षी थांबत असे, कारण मुलेही त्याच वयाच्या जवळपासची असत आणि वर्ग एकदम शांत होई.

आपण नाशिककर आहोत, म्हणून एक सांगतो. पुराचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले की गळ्याला, हे पाहण्यासाठी आपण पुलावर गर्दी करतो. गोदावरी मोजताना आपण तिच्यावर रागावत नाही. घरात शिरली तरी तिला ‘गंगामाई’च म्हणतो. कुसुमाग्रजांच्या ‘कणा’मध्ये तर पूर पाहुणा होऊन येतो. नदीला माहेरवाशीण मानणाऱ्या वाचकाला प्रॅट यांचा समुद्र प्रथम परका वाटेल. त्याच्याशी नाते जोडता येत नाही. तो क्रूर नाही, दयाळू नाही, त्याला माणूस दिसतच नाही. हा फरक आपण मंडळात बोलून दाखवा.

गोदाकाठ :

दोघांचे मनापासून आभार. ‘उफराटेपणा’ पहिल्या दोन कवितांना तंतोतंत बसतो, आणि १९१४ च्या त्या यंत्राची हकिगत वाचून मी काही वेळ पुढे वाचू शकले नाही. तिसऱ्या कवितेबाबत मात्र माझे मन अजून साशंक आहे. ‘द फोरसेकन’ प्रथम वाचली तेव्हा मला हिरकणी आठवली, आणि प्रास्ताविकात तशी तुलना केलीही आहे. ती योग्य आहे का?

सावलीचे झाड :

ताई, मी आदिवासी मुलांच्या शिक्षणाच्या क्षेत्रात काम करते, पेठ आणि सुरगाणा भागांत माझे जाणे-येणे असते, त्यामुळे या कवितेबद्दल मला बोलायलाच हवे.

हिरकणीची तुलना पूर्वार्धापुरती योग्य आहे. गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हे मूल आहे, म्हणून ती गवळण अंधारात कडा उतरते. ती उतरली ती जागा पाहून महाराज तेथे बुरूज बांधवतात, अशी आपली आख्यायिका आहे. म्हणजे आपल्या कथेत आईच्या धाडसाला दगडाची साक्ष मिळते. स्कॉट यांच्या कवितेतली आई मुलाला पाठीशी बांधून दोन दिवस बर्फ तुडवते आणि तिसऱ्या दिवशी व्यापाऱ्यांच्या किल्ल्यावर पोहोचते. बुरूज कोणी बांधत नाही. उत्तरार्धात मोडक्या वल्ह्यासारखी ती निरुपयोगी ठरते, बेटावर सोडली जाते, शाल नीट करून बसते आणि बर्फ तिच्यावर साचत जातो. जिने स्वतःचे मांस देऊन ज्याला जगवले त्यानेच तिला टाकावे, हा उफराटेपणा कवितेतच आहे, आणि तांबट आळी सरांचा शब्द येथेही लागू पडतो. मात्र कवितेला त्यात अन्याय दिसत नाही. ती म्हातारी तक्रार करत नाही, तिचा शेवट शांत आणि जवळजवळ पवित्र रंगवला आहे. वाचकाने डोळे पुसावेत आणि ‘यांची रीतच अशी’ म्हणून पुढे जावे, अशी ती रचना आहे.

आता कवी कोण होता ते पाहावे लागेल. स्कॉट हे कॅनडा सरकारच्या ‘इंडियन अफेअर्स’ खात्यात आयुष्यभर नोकरीला होते, आणि १९१३ ते १९३२ या काळात त्या खात्याचे सर्वोच्च अधिकारी होते. १९२० मध्ये इंडियन अ‍ॅक्टमध्ये दुरुस्ती झाली ती त्यांच्याच कारकिर्दीत, आणि तिने मूळनिवासी मुलांना निवासी शाळांत सक्तीने पाठवण्याचा अधिकार सरकारला दिला. त्या शाळांत मुलांची भाषा हिरावली गेली आणि हजारो मुले तेथे मरण पावली, हे कॅनडाच्या सत्य आणि समेट आयोगाने २०१५ मधील अहवालात नोंदवले आहे. मुलासाठी मांस कापून देणाऱ्या आईवर कविता लिहिणारा माणूस पुढे तशाच आयांकडून मुले काढून घेणारी यंत्रणा चालवत होता. ही कविता विसाव्या शतकाच्या अगदी आरंभीची आहे, कायदा नंतरचा आहे. पण दोन्हीमागची समजूत एकच दिसते, की हे लोक आता संपणारच आहेत. संपणाऱ्यांसाठी सुंदर शोक करता येतो. जगणाऱ्यांसाठी काही तरी करावे लागते.

म्हणून मी या कवितेतील आईचे संकट ‘निसर्गाशी झुंज’ या एकाच मथळ्याखाली ठेवणार नाही. कवितेत जे वादळ, बर्फ आणि भूक दिसते, त्यामागे व्यापारी किल्ले, हिरावलेल्या शिकारीच्या जमिनी आणि सरकारी खाते होते, आणि ते कवितेत फक्त आसरा देणारा ‘किल्ला’ म्हणून येते. अ‍ॅटवुड यांचे ‘तगणे’ हे सूत्रही याच कारणाने जपून वापरा. जे मूळचेच तेथले होते त्यांच्यासाठी ते अरण्य शत्रू नव्हते. ते घर होते.

असाच प्रसंग प्रॅट यांच्याबाबतीतही घडला, तो थोडक्यात सांगते. १९५२ मध्ये त्यांनी कॅनडाच्या आरपार जाणाऱ्या रेल्वेवर दीर्घ कथाकाव्य लिहिले. त्यात डोंगर आणि कातळ एखाद्या निद्रिस्त अजस्र प्राण्यासारखे आडवे पडलेले आहेत आणि ७ नोव्हेंबर १८८५ रोजी ठोकलेल्या शेवटच्या खिळ्याशी कथा पोहोचते. त्यावर दुसरे कवी एफ. आर. स्कॉट यांनी छोटी कविता लिहून विचारले की ज्या हजारो चिनी मजुरांनी हे काम केले ते तुझ्या काव्यात कोठे आहेत? कसारा घाटातून १८६५ मध्ये गाडी वर आली ती ज्यांच्या हातांनी, त्यांच्यावर आपल्याकडे किती कविता आहेत, हे मी शोधते आहे.

कातळवाट :

सावलीचे झाड यांचे म्हणणे वाचून मी ‘डेव्हिड’ पुन्हा उघडली. तेथे सर्वेक्षणाचे काम चालू आहे, रस्ते कापले जात आहेत, आणि त्या शिखरांना नावे देणारे कोण होते हा प्रश्न मला इतक्या वर्षांत एकदाही पडला नव्हता.

गोदाकाठ :

मी प्रास्ताविक नव्याने लिहायला घेतले आहे. ‘दैवदुर्विलास’ सर्व ठिकाणी खोडला. ‘डेव्हिड’ आणि ‘द आइस-फ्लोज’ यांसाठी ‘उफराटेपणा’ लिहिला, आणि हिरकणीचा परिच्छेद ठेवला, परंतु तो बुरुजाच्या वाक्यावर न संपवता बेटापर्यंत नेला. एक शेवटचे विचारते : स्कॉट यांच्या नोकरीची माहिती कविता वाचण्याआधी द्यावी की नंतर? आधी दिली तर कोणी त्या आईकडे पाहणारच नाही, अशी मला भीती वाटते.

सावलीचे झाड :

नंतर द्या. दोन्ही भाग एका बैठकीत, मध्ये न थांबता, एकाच आवाजात वाचून होऊ द्यात. त्या बाईला पूर्ण ऐकून घेतले जाणे हा तिचा हक्क आहे. त्यानंतर १९२० सालाबद्दल सांगा आणि मग पूर्वार्ध पुन्हा एकदा वाचा.

तांबट आळी :

सहमत. आणि दुसरे वाचन शक्य असेल तर आपल्याच घरातल्या कोणा वयस्कर बाईंना करू द्या.